धुळीची बाजू

स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं पहिला नंबर काढणाऱ्या शहरात राहून धुळीची बाजू घ्यायची म्हणजे जरा धाडसच आहे. आपल्या इंदूरमध्ये सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजतं आणि सगळा मोहल्ला डबे घेऊन दारात उभा राहतो. त्या धुळीबद्दल माझी काही तक्रार नाही, ती गाडीने खुशाल न्यावी. मी बोलतेय ती धूळ ताऱ्यांच्या मधली आहे. तिथे झाडू पोचत नाही आणि ते बरंच आहे.

मी साहित्याची विद्यार्थिनी. बारावीनंतर भौतिकशास्त्राशी माझा संबंध सुटला असं घरच्यांना वाटतं. पण गेले काही महिने मी दूरच्या क्ष-किरण स्रोतांकडे बघून मधल्या धुळीचा अभ्यास कसा करतात याबद्दल वाचत होते आणि त्यातून माझं एक मत तयार झालंय. ते आधीच सांगून टाकते. ज्याला आपण मधला अडथळा म्हणून पुसून टाकतो, त्यात वाटेची हकीकत लिहिलेली असते. ती वाचण्याआधी पुसणं याला मी स्वच्छता म्हणणार नाही, तो आळस आहे. खगोलशास्त्रात हे पुराव्यानिशी दाखवता येतं. आपल्या मराठीबद्दलही ते खरं आहे असं मला वाटतं. पण आधी आकाश, मग मराठी.

ही धूळ नेमकी कसली? ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे अतिशय विरळ वायू असतो आणि त्या सगळ्या द्रव्याच्या वजनात साधारण एक टक्का धूळ असते. मराठीत धुळीला किती शब्द आहेत बघा: धूळ, धुरळा, फुफाटा, गर्दा, भुकटी, काजळी, राख. यातला कुठला इथे बसतो, हा प्रश्न मला भाषेची विद्यार्थिनी म्हणून पडला. त्या कणांचा आकार मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतो. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण शेजारीशेजारी मावतील. म्हणजे खिडकीच्या गजावर बसते त्या धुळीपेक्षा हे कण कितीतरी बारीक. आकाराने ते धुराच्या, काजळीच्या जवळचे. त्यातले काही कण खरोखरच काजळीसारखे, कार्बनचे असतात. बाकीचे असतात सिलिकेटचे, म्हणजे दगडाच्या गोतातले. माळव्याच्या पठाराचा काळा दगड ज्या कुळातला, त्याच कुळातले. तेव्हा 'आंतरतारकीय धूळ' हा शब्द चालू राहू दे, पण मनात चित्र आणायचं ते काजळी आणि दगडाच्या पिठाचं.

उन्हाळ्यात गावाकडे गच्चीवर झोपलात तर आकाशगंगेच्या मधोमध एक काळा पट्टा दिसतो. तिथे तारे नाहीत असं पूर्वी वाटायचं, जणू आकाशाला भोक पडलंय. तारे तिथे आहेत, पण त्यांच्यापुढे धूळ आहे. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रंपलर यांनी ताऱ्यांच्या गुच्छांचा अभ्यास करून दाखवलं की दूरचे गुच्छ अंतराच्या हिशेबाने जितके मंद दिसायला हवेत त्याहून जास्त मंद दिसतात. म्हणजे वाटेत कोणीतरी उजेड खातंय. तोपर्यंत मोजलेली बरीच अंतरं त्यामुळे पुन्हा तपासावी लागली. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडे बघताना तर ही खादाडी कमाल गाठते. तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो.

इथे क्ष-किरण कामाला येतात. हा शब्दच मला फार आवडतो. १८९५ मध्ये राँटगेन यांना हे किरण सापडले तेव्हा ते काय आहेत हे कळेना, म्हणून त्यांनी बीजगणितातल्या अज्ञात राशीचं अक्षर त्यांना दिलं. मराठीने त्या अक्षराचा उच्चार उचलला नाही, त्यामागचा विचार उचलला. आपल्या गणितात अज्ञात राशी म्हणजे 'क्ष', म्हणून ते 'क्ष-किरण'. भाषांतर कसं करावं हे शिकवायला वर्गात हे एक उदाहरण पुरेल.

तर हे क्ष-किरण, त्यातही जास्त ऊर्जेचे, धुळीतून बरेचसे पार होतात. कृष्णविवराभोवती किंवा न्यूट्रॉन ताऱ्याभोवती फिरणारा तापलेला वायू ते फेकत असतो. पार होताना धूळ त्यांच्यावर दोन प्रकारे खूण करते. काही किरणांना ती किंचित वळवते आणि काहींना गिळते. दोन्ही खुणा वाचता येतात.

आधी वळवण्याबद्दल. 'चंद्राला खळं पडलंय' असं आपण म्हणतो. उंचावरच्या ढगांतले बर्फाचे स्फटिक चंद्रप्रकाश वळवतात आणि चंद्राभोवती कडं दिसतं. क्ष-किरणांच्या स्रोतांभोवती असंच खळं दिसायला हवं, असं १९६५ मध्ये ओव्हरबेक या शास्त्रज्ञाने गणिताने मांडलं. ते प्रत्यक्ष दिसलं आइन्स्टाइन नावाच्या उपग्रहाला, जीएक्स ३३९-४ या स्रोताभोवती, आणि ती नोंद छापून आली १९८३ मध्ये. मधली अठरा वर्षं ते खळं फक्त कागदावर होतं. खळ्याचा आकार असतो काही कलांचा. (अंश, कला, विकला ही आपली जुनी मापं. चंद्राचं बिंब साधारण तीस कला रुंद दिसतं.) खळं मध्याकडे दाट आहे की बाहेर पसरलेलं, यावरून कणांचा आकार कळतो. मोठे कण किरणांना अगदी थोडं वळवतात, लहान कण जास्त. म्हणजे ज्या कणाला कधी कोणी हात लावणार नाही, त्याची जाडी त्याने पसरवलेल्या उजेडावरून मोजायची.

स्रोत एकसारखा जळत न राहता एकदाच भडकला तर गंमत आणखी वाढते. सरळ आलेले किरण आधी पोचतात. धुळीला लागून वळून आलेले किरण लांबच्या रस्त्याने येतात, म्हणून उशिरा पोचतात. उशीर जितका जास्त, तितकी वाट लांबची. त्यामुळे भडक्यानंतर आकाशात एक कडं दिसतं आणि ते दिवसागणिक मोठं होत जातं. धुळीचे ढग वाटेत वेगवेगळ्या अंतरांवर असतील तर कडीही तितकी. २०१३ च्या अखेरीस सर्सिनस एक्स-१ हा स्रोत असा भडकला. त्याभोवतीची कडी चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणींनी टिपली. मधले ढग किती दूर आहेत हे रेडिओ दुर्बिणीने वेगळं मोजलं होतं. दोन्हींचा मेळ घालून स्रोताचं अंतर निघालं, सुमारे तीस हजार प्रकाशवर्षं. हे अंतर आधी नक्की ठरत नव्हतं. ज्या धुळीने उजेड अडवला म्हणून आपण कुरकुरतो, तिनेच इथे मोजपट्टी धरली.

याहून मोठी गोष्ट घडली ९ ऑक्टोबर २०२२ ला. सुमारे दोनशे कोटी प्रकाशवर्षं दूरवरून एक गॅमा-किरणांचा स्फोट आपल्यापर्यंत पोचला. तोवर नोंदलेल्या अशा स्फोटांत तो सगळ्यात तेजस्वी. दोन-तीन दिवसांत तो ओसरत गेला, पण एक्सएमएम-न्यूटनला त्याभोवती तब्बल वीस कडी दिसली. प्रत्येक कडं म्हणजे आपल्याच आकाशगंगेतला धुळीचा एक पडदा. सगळ्यात जवळचा साधारण हजार प्रकाशवर्षांवर, सगळ्यात दूरचा साठ हजारांच्या पलीकडे, आकाशगंगेच्या दुसऱ्या बाजूला. विचार करा, पाहुणा आला दोनशे कोटी वर्षांचा प्रवास करून आणि जाता जाता नकाशा देऊन गेला तो आपल्या अंगणाचा.

आता गिळण्याबद्दल. हा भाग मला समजायला जास्त वेळ लागला, पण आवडलाही जास्त. प्रत्येक मूलद्रव्य एका ठरावीक ऊर्जेपासून पुढचे क्ष-किरण एकदम जास्त गिळायला लागतं. आलेखात तिथे पायरीसारखी कड दिसते. ऑक्सिजनची कड वेगळ्या जागी, मॅग्नेशियमची वेगळ्या, सिलिकॉनची, लोखंडाची वेगळ्या. कड कुठे आहे यावरून कोण आहे ते कळतं. पण खरी मजा कडेच्या काठावरच्या बारीक नक्षीत आहे. किरण गिळल्यावर अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो, तो लाटेसारखा पसरतो, शेजारच्या अणूंवर आपटून परततो. विहिरीत खडा टाकला की लाटा काठाला लागून मागे येतात, तसं. परतलेल्या लाटांमुळे कडेवर नक्षी उमटते. त्यामुळे एकटादुकटा लोखंडाचा अणू, गंजातलं लोखंड आणि दगडातलं लोखंड यांच्या कडा सारख्या दिसत नाहीत. किरण नुसतं 'लोखंड आहे' एवढं सांगून थांबत नाही, लोखंडाचे शेजारी कोण तेही सांगतो. चाळीत चौकशी केल्यासारखं!

ही नक्षी वाचायची तर ताडून बघायला नमुना हवा. युरोपातल्या एका गटाने प्रयोगशाळेत वेगवेगळी सिलिकेटं तयार केली, फ्रान्समधल्या सिंक्रोट्रॉनवर त्यांच्या कडा मोजल्या आणि जीएक्स ५-१ सारख्या स्रोतांच्या वर्णपटाशी त्या ताडून पाहिल्या. बहुतांश धूळ ऑलिव्हिन जातीची निघाली आणि तिची रचना स्फटिकासारखी शिस्तीची नव्हती, काचेसारखी विस्कटलेली होती. हे काम अजून चालूच आहे. जपानचा क्रिझम हा उपग्रह सप्टेंबर २०२३ मध्ये गेला. त्याच्या मुख्य उपकरणापुढचं एक झाकण उघडलंच नाही, त्यामुळे कमी ऊर्जेचे किरण आत येत नाहीत. पण सिलिकॉन, गंधक, लोखंड यांच्या कडा त्याला दिसतात. मिळालं तेवढ्यात काम सुरू आहे.

सिंक्रोट्रॉन म्हटल्यावर इंदूरकरांचे कान टवकारले पाहिजेत. आपण ज्याला 'कॅट' म्हणतो, ते राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र १९८४ पासून आपल्या शहरात आहे. तिथल्या इंडस-२ या यंत्राचा घेर १७२.५ मीटर आहे आणि त्यात अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात. ते वळताना जो तीव्र प्रकाश फेकतात, त्यावर शास्त्रज्ञ आपापले नमुने तपासतात. मूलद्रव्यांच्या कडा आणि त्यावरची नक्षी मोजायची सोयही तिथे आहे. तिथे तपासतात ते पृथ्वीवरचे पदार्थ, पण वाचायची लिपी तीच. सिमरोलला आयआयटीत खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे अणूची नक्षी वाचणारे शहराच्या एका टोकाला, ताऱ्यांचा उजेड वाचणारे दुसऱ्या टोकाला, आणि मधे आपण, कविता वाचणारे. आपला त्यांचा परिचय किती? कॅट रोडवरून आपण रोज जातो आणि आपल्याला तिथली पाणीपुरी जास्त माहीत असते.

क्ष-किरणांचं खगोलशास्त्र आपल्या देशाला नवीन नाही. २८ सप्टेंबर २०१५ ला अ‍ॅस्ट्रोसॅट गेला. त्यावरची मृदू क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभी केली आणि त्या उपग्रहाची माहिती वापरणाऱ्यांना मदत करणारं केंद्र पुण्याच्या आयुकात आहे. त्या दुर्बिणीला मी सांगितलेल्या बहुतेक कडांच्या ऊर्जेचे किरण दिसतात. पण तिच्यात बिंदूएवढा स्रोतही सुमारे दोन कला पसरलेला दिसतो, त्यामुळे नाजूक खळं स्रोतापासून वेगळं काढणं कठीण. तिची नजर स्रोतावर आहे, आणि त्या कामात तिने नाव काढलंय.

पण कुठल्याही दुर्बिणीने घेतलेला वर्णपट अभ्यासताना धुळीचा आणि वायूचा हिशेब करावाच लागतो. वाटेत किती द्रव्य आहे याचा एक आकडा गणितात घालतात, तेवढी घट भरून काढतात आणि मग मूळ स्रोत कसा असेल ते बघतात. बहुतेक शोधनिबंधांत हा आकडा कोष्टकाच्या पहिल्या ओळीत असतो आणि त्यावर क्वचितच कोणी चर्चा करतं. त्यात चूक काही नाही, ज्याला कृष्णविवर बघायचंय त्याने कृष्णविवर बघावं. माझा मुद्दा एवढाच की एकाची वजाबाकी ही दुसऱ्याची पदवी असू शकते.

आणि ही वजाबाकी चुकली तर? मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या प्रयोगाने जाहीर केलं की विश्वाच्या पहिल्या क्षणांतल्या गुरुत्वलहरींचा ठसा सापडला. जगभर बातमी झाली. वर्षभरात प्लँक उपग्रहाची माहिती सोबत ठेवून पाहिलं, तेव्हा तो ठसा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने समजावता येतो असं दिसलं. त्या शास्त्रज्ञांना हसायचं कारण नाही. दुसऱ्या गटाबरोबर बसून त्यांनीच ते तपासलं आणि मान्य केलं. पण धडा स्पष्ट आहे. धूळ नीट वाचली नाही तर ती आपल्याला विश्वाचा आरंभ वाटू शकते.

बाजू घेताना अतिरेक होतो, हेही कबूल करायला हवं. आपले जयंत नारळीकर, कोल्हापुरात जन्मलेले, आयुकाचे पहिले संचालक, नाशिकच्या २०२१ च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांनी फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांच्याबरोबर अशी मांडणी केली होती की विश्वात सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण हा महास्फोटाचा अवशेष नसून, ताऱ्यांचाच प्रकाश धातूच्या सुईसारख्या बारीक कणांनी पचवून परत दिलेला आहे. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. म्हणजे धुळीला विश्वाचा आरंभ समजण्याची चूक होऊ शकते, तशी विश्वाच्या आरंभाला धूळ समजण्याचीही. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. बहुमताच्या विरुद्ध बाजू घ्यायची, पण गणित मांडून घ्यायची, आणि तीच गोष्ट मराठीत शाळकरी पोरालाही समजावून सांगायची, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

आता मराठीकडे येते. पुण्या-मुंबईचे पाहुणे घरी आले की आपल्यापैकी बहुतेकांनी हे ऐकलेलं असतं: 'छान बोलता की मराठी! फक्त जरा हिंदीची धूळ बसलीय.' ते प्रेमानेच म्हणतात. आपणही हसतो आणि पुढचं वाक्य जपून बोलतो. खोलीला 'कमरा' म्हणायचं टाळतो, भाजीला 'सब्जी' येत नाही ना बघतो, आणि 'भिया' तर जिभेवरून मागे ढकलतो. पाहुणे गेले की सगळं परत येतं.

मला विचाराल तर ती धूळ वाचायला हवी. होळकरांबरोबर आलेली घरं, नंतर संस्थानाच्या नोकरीला आलेली, गिरण्यांत आलेली, बदलीवर आलेली, प्रत्येकाच्या बोलण्यावर वेगळा थर आहे. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून इथल्या कापड गिरणीत आले. आजी सांगते, ते घरी आले की त्यांच्या अंगावरची रुई बघून आज ते कुठल्या खात्यात होते हे तिला न विचारता कळायचं. कापूस पिंजायच्या खात्यातली रुई जाड आणि मळकी, मागावरची बारीक, कांजीचा वास असलेली. आजी शाळेत गेली नाही, पण धुळीवरून हकीकत वाचायचं शास्त्र तिला येत होतं. त्याच आजीच्या बोलण्यात नगरकडचं 'आरं', 'कुटं' आहे आणि त्याच वाक्यात 'चक्कर लावून आले' पण आहे. एका वाक्यात तिचा सगळा प्रवास बसलाय. ते वाक्य शुद्ध केलं तर नीटनेटकं होईल, पण मग ती कुठून निघाली आणि कुठे राहिली ते त्यातून कळणार नाही.

आम्हा कॅथलिकांच्या मराठीत तर असे थर नेहमीचेच. 'पाद्री', 'मिस्सा', 'क्रूस' हे शब्द पोर्तुगिजांमार्फत आले आणि ते उच्चारताना परकं काही बोलतोय असं आम्हाला वाटतही नाही. तुमच्या तोंडातले 'बटाटा', 'पाव', 'चावी', 'पगार' हेही त्याच वाटेने आलेत. 'दप्तर' आणि 'हजर' आले फारसी-अरबीच्या वाटेने. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आपण अवघड शब्द टाळून इथल्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, असं त्यांनीच प्रस्तावनेत सांगून ठेवलंय. ती मिसळ त्या वेळी कोणाला धूळ वाटलीही असेल. आज तो ग्रंथ गोव्यातला, त्या काळातला आणि कोणासाठी लिहिलेला, हे ओळखायला तीच उपयोगी पडते.

उपमा फार ताणू नये हे मला कळतं. ताऱ्यांमधली धूळ काही ठरवून बसत नाही, भाषेवरची आपण निवडतो, कधी आळसाने, कधी लाजेने, कधी गरज म्हणून. जो शब्द मराठीत आहे पण आपल्याला माहीतच नाही, त्याच्या जागी हिंदी शब्द वापरणं आणि त्याला 'इंदुरी बाणा' म्हणणं, हे मला मान्य नाही. 'खळं' हा शब्द माहीत असावा, तो विसरून 'हेलो' म्हणण्यात काही शौर्य नाही. परीक्षेत, कचेरीत, कोशात प्रमाण मराठी हवीच, कारण सगळ्यांना मिळून एक माप लागतं. पण खगोलशास्त्रज्ञसुद्धा धूळ वजा करण्याआधी ती किती आणि कसली हे मोजतो. आपण न मोजताच झटकतो, एवढंच माझं म्हणणं.

आणखी एक गोष्ट. आकाशगंगेत जेवढं लोखंड ताऱ्यांच्या मधे पसरलंय, त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त वायूत सापडत नाही, ते धुळीत अडकलेलं असतं. अशाच धूळभरल्या ढगातून सूर्य झाला, पृथ्वी झाली आणि आपल्या रक्तातलं लोखंडही तिथूनच आलं. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये आमच्या कपाळावर राख लावतात आणि माणूस मातीचा आहे याची आठवण देतात. ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते, म्हणजे तिलाही मागचा पत्ता असतो. लहानपणापासून मी ते वाक्य नम्रतेचं म्हणून ऐकत आले. हा लोखंडाचा हिशेब वाचल्यापासून ते मला माहितीचंही वाटतं.

तेव्हा मंडळापुढे माझे दोन प्रस्ताव आहेत. पहिला, पुढच्या अंकापासून एक पान इंदुरी मराठीच्या शब्दांचं असावं. प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक शब्द किंवा एक वाक्य आणावं आणि ते कुठून आलं असेल ते लिहावं: कोणत्या गावाहून, कोणत्या धंद्यातून, कोणत्या शेजाऱ्याकडून. चूक-बरोबर ठरवायची घाई नको. दुसरा, मंडळाने कॅटमध्ये रीतसर परवानगी मागून इंडस-२ बघायला जावं आणि परत आल्यावर प्रत्येकाने त्यावर मराठीत एक पान लिहावं, एकही इंग्रजी शब्द कंसात न टाकता. जमेल का, याची मला थोडी धास्ती आहे, कारण सिंक्रोट्रॉनला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. 'क्ष' सापडला तसा तोही कोणाला तरी सापडेल. त्या पानांवर हिंदीची, इंग्रजीची थोडी धूळ राहिली तर संपादकांनी ती लगेच झटकू नये. आधी ती कुठून आली ते बघावं, मग काय ठेवायचं ते ठरवू.